बाळापूरचा रस्ता मी सांगितला

त्या मोटारसायकलवर मला तिघांनी मिळून चढवलं होतं, तेही ओट्यावर उभं करून. एवढी उंच गाडी. दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या, पाठीमागे आणखी एक पेटी, डोक्यात हेल्मेट. उतरायचं झालं तर माणसं गोळा करावी लागतील, हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं. पण हौस म्हणून मी चढले.

आमचे जावई अकोल्याला असतात. मोटारसायकलवरून मुलूख पाहत हिंडणाऱ्यांचा त्यांचा एक क्लब आहे, त्याचा मेळावा यंदा अकोल्यात भरला. कोल्हापूर, इंदूर, हैदराबाद, कुठून कुठून माणसं आली. पाहुण्यांना बाळापूरचा किल्ला दाखवायचा ठरला. मी अमरावतीहून लेकीकडे आलेली. जावई म्हणाले, "आई, बाळापूर तुमचं माहेर. तुमीच चाला सोबत, तुमच्यासारखं सांगणारं कोण हाये?" आता जावयाला नाही कसं म्हणायचं?

माहेर म्हणाले खरं, पण सहा वर्षांत मी तिकडे फिरकले नव्हते. धाकट्या भावाच्या मुलीचं लग्न ठरलं, तेव्हा त्यानं पत्रिका मला मोबाईलवर पाठवली. आमच्यात बहिणीला बोलवायला भाऊ स्वतः येतो, हातावर अक्षत ठेवतो. बाकी सोयऱ्याधायऱ्यांना बोलावणं मागून. मी फोन करून म्हटलं, "तू सोता येऊन चाल म्हणत नाही, तोपर्यंत तुह्या घराची पायरी चढणार नाही." तो म्हणाला, "नको चढू." झालं. लग्न झालं, मुलगी नांदायला गेली, तिला लेकरू झालं. सगळं मला दुसऱ्यांकडून कळलं.

तर मी बसले होते कोल्हापूरच्या एका बाईच्या मागे. चाळिशीची असेल, मला मावशी म्हणायची. सगळ्यांच्या पुढे आमची गाडी, कारण रस्ता सांगणारी मी. बाळापुरात शिरल्यावर मी ओरडून सांगायची, डावीकडे घे, सरळ घे. आता तिथे रुंद, नवा रस्ता झाला आहे म्हणे. मला काय ठाऊक? मला किल्ल्याचा एकच रस्ता येतो, लहानपणी पायी जायचो तो. आणि तो आमच्या दारावरून जातो. मी चुकून सांगितला. लेक म्हणते, मुद्दाम सांगितला. असो.

गल्लीत कापसाचा ट्रॅक्टर नालीत रुतलेला. पुढे जाता येईना, मागे पंधरा-सोळा गाड्या लागलेल्या. आमची गाडी थांबली ती नेमकी भावाच्या दारासमोर.

तो बनियनवरच बाहेर आला. माणूस पहिल्यापासून आतिथ्याचा. "अरे, उन्हात काहून उभे हा? या, अंदर या. ट्रॅक्टर निघेपर्यंत चहा घ्या." सगळे भराभरा उतरले. जावयांना सगळं माहीत होतं. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ट्रॅक्टर ढकलायला पळाले.

कोल्हापूरची बाई म्हणाली, "चला मावशी, धरते मी."

"गुडघे आखडले माहे. तू जाय, पाणी पिऊन ये."

तिनं गाडी स्टँडवर घेतली, भिंतीला लागून उभी केली आणि ओसरीवर गेली. मी एकटी वर बसून. हेल्मेटची काच खाली ओढली. माघाचं ऊन, आत घामाच्या धारा. भावजय आतून विचारत होती, "साखर कमी कोणाले?" तिचा आवाज सहा वर्षांनी ऐकला. मला उतरता येत नव्हतं, आणि आलं असतं तरी मी उतरले नसते.

तो पेला घेऊन गाडीपाशी आला. "घ्या बाई, पाणी घ्या."

"नोको."

एवढंच बोलले. तो जागीच थांबला. माझ्या हातांकडे पाहिलं, काचेकडे पाहिलं. लहानपणापासून तो मला अक्का म्हणतो.

"अक्का?"

मी काच वर केली.

"उतर."

"उतरता येत नाही."

"मंग चढली कशी?"

"तिघायनं चढवलं."

त्याला हसू आलं, मग गेलं. म्हणाला, "या वयात हे मडकं घालून हिंडून राहिली. मी उतरवतो, चाल. घरात चाल."

चाल म्हणाला. पायरीवरून नाही, माझ्यापाशी येऊन. हाच शब्द सहा वर्षं मी मागत होते. आणि माझ्या तोंडून काय निघालं? "पाणी द्यायले आला होता, तर दारात दिसली म्हणून चाल म्हणून राहिला का?"

तो म्हणाला, "बरं," आणि ते पाणी स्वतःच प्यायला.

तेवढ्यात ट्रॅक्टर निघाला. हॉर्न वाजू लागले, मंडळी धावत आली, गाडी सुरू झाली. मी मान वळवायला गेले, तर हेल्मेट मागच्या पेटीला अडलं. किल्ल्यावर लोकांनी मला काय काय विचारलं, कोणी बांधला, बुरूज किती. मी काय सांगितलं, देव जाणे.

परतताना जावयांनी समजून नवा रस्ता धरला. आमच्या गल्लीच्या फाट्यापाशी ते थांबले, माझ्याकडे पाहिलं. आत वळा, एवढंच म्हणायचं होतं. कोल्हापूरच्या बाईनं विचारलं, "मावशी, गप्प का झालात?"

मी म्हटलं, "ऊन लागलं बाई. चाल."