त्या दाराची पितळी नळी

डॉक्टरांनी गावाकडच्यांना बोलावून घ्यायला सांगितलं, त्याच सकाळी आईने उशाखालची पिशवी मागितली. जुन्या लुगड्याच्या फडक्यात बोटभर लांबीची पितळी नळी होती. ती माझ्या हातात कोंबून आई आमच्या अहिराणीत म्हणाली, "त्यास्ना देव शे. मी चोरी लई उनू. परत दी ये."

मी वैतागले. माणूस मरणाच्या दारात आणि हिला चोऱ्या आठवतात! पण नळी मी लगेच ओळखली.

मी लहान असताना कतारगामच्या जुन्या मोहल्ल्यात यहुदी दवाखाना होता, वीसेक खाटांचा. त्यांच्या समाजाने आपल्या लोकांसाठी बांधलेला. पण सुरतेत त्यांची घरं मूठभर, म्हणून खाटांवर आमचीच माणसं असत, उधन्याच्या लूमवर, यंत्रमागांवर राबणारी, खानदेशातली. तिथले डॉक्टर त्यांच्यातलेच, मूळचे अलिबागकडचे, घरात मराठी बोलणारे. "कुठं दुखतंय, बाई?" असं ते विचारत तेव्हा अर्धं दुखणं तिथेच पळत असे. एवढ्या मोठ्या शहरात आपलं दुखणं आपल्या भाषेत सांगता येईल अशी आम्हाला ती एकच जागा होती.

दाराच्या उजव्या चौकटीवर ही नळी तिरकी ठोकलेली असे. आत त्यांच्या धर्मवचनांची गुंडाळी. मेट्रनबाई येता-जाता तिला हात लावून बोटं ओठांशी नेत. ते बघून आमच्या बायकाही हात लावू लागल्या आणि वर कुंकूही. बाई रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसायच्या, संध्याकाळी नळी पुन्हा लाल. त्या कधी कुणाला बोलल्या नाहीत. पेशंट बरा होऊन निघाला की गोड पोहे-नारळाचा मलिदा हातावर ठेवायच्या. आता दारात देव आणि हातावर प्रसाद म्हटल्यावर आमच्या बायकांना आणखी काय हवं?

दादा, म्हणजे माझे वडील, लूमवर काम करता करता कोसळले. छातीत पाणी झालं होतं. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. दुपारी मेट्रनबाई जेवायला गेल्या तेव्हा आईने चमच्याच्या दांड्याने ती नळी उचकटली आणि दादांच्या उशीखाली सरकवली. मी सात वर्षांची होते, दारात उभी राहून कुणी येतं का ते बघत होते. म्हणजे चोरीत मीही होतेच.

दादांचा ताप उतरला. आईने नळी परत लावायला हवी होती, पण तिची छाती झाली नाही. निघताना मेट्रनबाईंनी मलिदा दिला तो तिने पदरात घेतला, आणि त्याच पदराच्या गाठीत ती नळी होती. आम्ही नवागामच्या खोलीवर आलो. त्या दवाखान्याची पायरी आई पुन्हा चढली नाही.

पुढे तो दवाखाना बसत गेला. एकेक घर इस्रायलला गेलं, मेट्रनबाई वारल्या, डॉक्टर म्हातारे होऊन मुलाकडे गेले, कुलूप लागलं. हे सगळं मी आईला कितीदा समजावलं. तिचं एकच, "दारना देव गया, मंग घर कितला दिन टिकी?" दादा आणखी अठरा वर्षं जगले. त्यातलं एक वर्षही तिला सुखाने भोगता आलं नाही, हे मला आता कळत होतं.

"अहमदाबादला त्यांचं प्रार्थनाघर आहे, तिथे देते," मी म्हटलं.

"नही. त्या दारनं शे. त्याच दारले लाव."

मी रिक्षाने कतारगामला गेले. पर्समध्ये नळी, दोन खिळे आणि शेजाऱ्याची हातोडी. वेड लागल्यासारखीच गेले. दवाखान्याच्या जागी साड्यांचं गोडाऊन होतं. भिंती त्याच, पण दार काढून रुंद लोखंडी शटर बसवलेलं. मालक भला माणूस. म्हणाला, "बेन, चौकट तो भंगारमां गई." मी शटरच्या बाजूच्या सिमेंटवर हात फिरवून बघितला. मग तिथेच पायरीवर बसून मोठमोठ्याने रडले. मालकाने पाणी आणून दिलं.

इस्पितळात परत आले तेव्हा नर्स आईला गुजरातीत विचारत होती, कुठे दुखतंय? आई छताकडे बघत पडली होती. मला बघताच डोळ्यांची उघडझाप करून म्हणाली, "लावी का?"

माझ्याच्याने खोटं बोलवेना. "चौकटच नाही गं आई. दारच राहिलं नाही."

तिने हात पुढे केला. मी नळी दिली. तिने ती मुठीत धरली आणि भिंतीकडे तोंड केलं. नंतर ती कुणाशी बोलली नाही, माझ्याशीही नाही.

तिसऱ्या दिवशी ती गेली. अंघोळ घालायला बायका जमल्या तेव्हा तिची मूठ मलाच उघडावी लागली. आता नळी माझ्या कपाटात आहे, त्याच फडक्यात. माझी मुलगी विचारते, हे काय आहे? मी तिला अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर माझ्यामागे नळीचं हे ओझं तिच्या गळ्यात पडेल.