भोरड्यांच्या थव्यातली मोकळी जागा

भुताखेतांच्या बातम्या मी कधी छापायला पाठवल्या नाहीत. गावोगावहून यायच्या... चौकशी केली की साधंच कारण निघायचं. म्हणून इथेही जे पाहिलं तेवढंच लिहितो.

ऐंशीच्या दशकाचा शेवट. मी सेलूहून एका दैनिकाला बातम्या पाठवायचो. नामांतराचे मोर्चे, बंद, सभा यांतून सवड मिळाली की सायकलवर कॅमेरा घेऊन वालूरच्या शिवारात. हिवाळ्यात तिथल्या ज्वारीवर भोरड्यांचे थवे उतरतात. उडत्या थव्याचा फोटो हवा, तर तो कधी उठणार हे आधी कळायला हवं. त्यासाठी मी गयाबाईला धरलं होतं. ती आणि तिचा नवरा मुंजाजी ज्वारी राखायचे. मी हात वर केला की ती मचाणावरून गोफण फिरवायची. खडा सुटायचा — थवा एकदम उठायचा.

अडचण एकच.

“बाई, खाली बसा. फोटोत येताय.”

“गोफण बी मीच मारायची अन् लपायचं बी मीच! बरं हाय की, भाऊ.” हसत ती फळ्यांवर बसायची.

हंगामाच्या शेवटच्या सकाळी ती म्हणाली, “पाखरांचे लय काढले. माझा एक काढा की. घरात माझा फोटोच न्हाई.”

रोलमध्ये तीन फोटो उरले होते. “पुढच्या खेपेला नक्की,” मी म्हणालो आणि तिन्ही भोरड्यांवर खर्च केले.

पावसाळ्यात गयाबाई गेली. मला ते पुढच्या हिवाळ्यात शेतावर गेल्यावर कळलं. मुंजाजीने विचारलं, “भाऊ, तुमच्या एवढ्या फोटोंत तिचा एखांदा? कोपऱ्यात असंल तरी चालंल.”

घरी सगळ्या निगेटिव्ह भिंगाखाली तपासल्या. ती एकातही नव्हती. मीच तिला खाली बसवत होतो.

हे सांगायला आठवड्याने पुन्हा गेलो. सकाळचे आठ वाजत आले होते. वारा नव्हता. मचाण रिकामं, गोफण खांबाला टांगलेली, मुंजाजी माझ्याशेजारी बांधावर. मचाणामागच्या कणसांवर थवा बसला होता. सवयीने कॅमेरा डोळ्याला लावला आणि सवयीनेच हात वर केला...

थवा उठला. गोफणीचा आवाज नाही, कसलाच नाही. मी चार फोटो घेतले.

प्रिंट काढल्यावर दिसलं — मचाणावरून जाताना थवा मधोमध फुटला होता. फळ्यांच्या वर माणसाच्या उंचीची, खांद्याएवढ्या रुंदीची मोकळी जागा. पक्षी पुढे सरकलेले, जागा मात्र चारही फोटोंत तीच. खांब फळ्यांच्या वर येत नव्हते. निगेटिव्हवर डाग नव्हता. प्राणिशास्त्राच्या एका प्राध्यापकांना दाखवले. ते म्हणाले, “थवा अडथळ्याभोवती असाच फुटतो. इथं काय होतं?”

“काही नाही,” मी म्हणालो.

एक मोठी प्रत मुंजाजीला नेऊन दिली. त्यात काय दिसतं ते मी सांगितलं नव्हतं. त्याने त्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं.

“अवंदा खाली बसली न्हाई,” तो म्हणाला.

पुढच्या खेपेला त्याच्या घरी गेलो तेव्हा तो फोटो भिंतीवर होता. वर हार घातलेला. निगेटिव्ह अजून माझ्याकडे आहेत. त्या मोकळ्या जागेचं कारण मला आजही सांगता येत नाही.