लव्हॉनचे चकचकीत केस

फॉक्स नदीकाठच्या त्या कागदाच्या गिरणीत कागदावर लेप चढवण्यात लव्हॉन व्हरहागनचा हात धरणारं कुणी नव्हतं. रोल मशीनवर घेण्याआधी ती त्यावर तळहात फिरवी आणि ‘बसेल’ किंवा ‘नाही बसायचा’ एवढंच सांगे. प्रयोगशाळेतला ऑर्विल विल्केट तेच शाईच्या पेनाने तपासायचा: रेघ सलग पसरली तर लेप बसणार, थेंब थेंब झाली तर नाही. तळहात खरा की पेन, हे भांडण अठरा वर्षं चाललेलं. आणि काल त्याच ऑर्विलने तिला शुक्रवारच्या फिश फ्रायला, म्हणजे गावच्या तळलेल्या माशांच्या जेवणाला, येतेस का म्हणून विचारलं होतं. साठीच्या विधवेला! बाईंचे पाय जमिनीवर ठरेनात. सकाळी केसांना काहीबाही चोपडूनच त्या कामावर आल्या.

नेमकी आजच, शुक्रवारीच, परीक्षा होती. नव्या कागदाचा पहिला थर तेलापाण्याला उभं करत नव्हता, आणि त्याच्याच डोक्यावर छपाईसाठी दुसरा थर बसवायचा होता. भांडकुदळ सासूच्या मांडीवर सून बसवण्यातलाच प्रकार. नाही जमलं तर मशीन बंद आणि चाळीस जण घरी, असं मॅनेजर ग्लेनने सांगूनच टाकलं होतं.

लव्हॉनने केस चापूनचोपून बसवले, रोलवर हात फिरवला, ‘बसेल’ म्हणाली. मशीन सुरू झालं आणि लेपात माशाच्या डोळ्यांसारखी वाटोळी छिद्रं उमटली. एकदोन नव्हे, शेकड्याने.

“ऑर्विल, तुझं रसायन बिघडलंय,” ग्लेन म्हणाला.

ऑर्विलने मशीन थांबवून रोलच्या कागदावर आडवी रेघ ओढली. मधोमध शाई छान पसरली. कडेला, लव्हॉनचा हात फिरला होता तिथे, थेंब थेंब. त्याने कागद हुंगला. गुलाबाचा वास. मग त्याने तिच्या चकचकीत केसांकडे पाहिलं आणि त्याचे कान लाल झाले.

“हो, माझंच काहीतरी चुकलं असेल,” तो पुटपुटला.

लव्हॉनच्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. केसांना काही लावून याल तर याद राखा, असा दम नव्या माणसांना तीच भरायची.

“उगाच खोटं बोलू नकोस,” ती म्हणाली. “ग्लेन, मी सीरम लावलंय. त्यात सिलिकॉन असतं. तेच हाताने कागदाला लागलं, त्यावर लेप धरत नाही.”

“तू आणि सीरम? कशासाठी?”

“फिश फ्रायसाठी.”

सगळे खो खो हसले, तीही हसली. मग तिने अंगावर रसायन सांडलं तर म्हणून ठेवलेल्या शॉवरखाली साबणाने डोकं धुतलं, रोलचे वरचे वेढे कापून टाकले, मशीनचे रूळ स्पिरिटने पुसले आणि दोन्ही हात पाठीमागे बांधले. “आज तुझं पेन सांगेल,” ती ऑर्विलला म्हणाली.

शाई सलग पसरली. लेप सायीसारखा बसला. ग्लेनने दोनदा कागद उजेडाला धरून पाहिला आणि मशीन चालूच राहतंय म्हणाला.

“सहाला न्यायला येतो,” ऑर्विल म्हणाला.

“अशी येऊ? झिंज्या झाल्यात नुसत्या.”

“अशीच ये. अठरा वर्षं मी त्याच बघत आलोय.”