अट फक्त गादीची

मनोहरने जन्मभर जहाजांची इंजिनं सांभाळली, पण बायकोला दिलेला एक शब्द काही वेळेवर पाळला नाही. हे जयवंतीचं म्हणणं, आणि ते खोटं नव्हतं. लेकीच्या, ईशाच्या बारशाला हा माणूस समुद्रात. तिच्या लग्नात पोचला तो अक्षता पडून गेल्यावर. दर वेळी एकच पालुपद, "पुढची सुट्टी तुझी." बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात! त्यामुळे निवृत्त झाल्यावर त्याने एक जुनाट कॅरॅव्हॅन विकत घेतली, तेव्हा जयवंती हुरळून गेली नाही. कॅरॅव्हॅन म्हणजे मोटारीमागे ओढायची ॲल्युमिनियमची खोलीच. कुणी परदेशी माणूस ती इथे सिंगापुरात, बुकित बातोकच्या एका वर्कशॉपच्या आवारात टाकून गेला होता.

"नीट करतो आणि पलीकडे मलेशियात, जोहोरला, माझ्या मित्राच्या, प्रबोधच्या डुरियनच्या फळबागेत नेऊन ठेवतो," मनोहर म्हणाला. "दर शनिवार-रविवार तू आणि मी."

"माझी एकच अट," जयवंती म्हणाली. "गादीवर थेंब जरी पडला, तरी मी पुण्याला ईशाकडे. कायमची. मग बसा तुम्ही आणि तुमचं खोकं डुरियनखाली!"

खोकं तर चाळणीसारखं गळत होतं. आधीच्या मालकाने दिसेल त्या फटीवर सिलिकॉन थापलं होतं, आणि सिलिकॉनचं असं की एकदा लागलं की त्याच्यावर दुसरं काही धरत नाही. मनोहरने ते सगळं नखाएवढं नखाएवढं खरवडून काढलं. नवीन काय लावायचं हे दुकानदाराला विचारेल तर तो चीफ इंजिनियर कसला? त्याने पत्र्याच्या तुकड्यांवर फटी बुजवायची हरतऱ्हेची सीलंट लावली आणि ते तुकडे फ्लॅटच्या खिडकीबाहेर, कपडे वाळत घालायच्या बांबूला टांगले. उन्हात तापू देत, पावसात भिजू देत! जयवंतीच्या चांगल्या साडीला सीलंट चिकटलं तेव्हा घरात जे काही झालं, ते शेजारच्या चिनी आजींनीही भाषा न कळता समजून घेतलं.

पण बघता बघता तीही गुंतत गेली. बोटीवर वापरतात ते पॉलियुरेथेन इतकं घट्ट धरतं की पुढे कधी खिडकी काढायची झाली तर पत्रा फाटेल, म्हणून ते बाद. खिडक्यांच्या चौकटीखाली बुटाइल रबराची मऊ पट्टी, कारण गाडी हादरते आणि पट्टी तिच्याबरोबर हलते. छपराच्या सांध्यांवर आपोआप पसरणारं लवचिक सीलंट. हे सगळं तिला पाठ झालं. माणूस चिकाटीचा, हे तिला मान्यच करावं लागलं. अट घालणारीनेच एक दिवस क्रोशाची सुई काढली आणि पडद्यांना लेस विणायला घेतली. मनोहरला मात्र सांगितलं नाही.

मग एका दुपारी पाऊस असा कोसळला की समोरचं आवार दिसेना. दोघं कॅरॅव्हॅनच्या आत गादीवर बसून छताकडे बघत होती. एक थेंब नाही!

"बघ!" मनोहर लहान मुलासारखा ओरडला. जयवंतीचे डोळे भरून आले. कौतुकाने काही बोलावं म्हणून ती उठली आणि तिचा पाय कोपऱ्यातल्या पाण्यात पडला.

मनोहर गुडघ्यांवर बसला. खिडकीच्या चौकटीच्या खालच्या कडेवरून बोट फिरवलं आणि त्याचा चेहरा उतरला. "इथे बारीक भोकं होती गं. खाचेत साचलेलं पाणी बाहेर जायला. मी बुजवली."

"अगं बाई! का पण?"

"जहाजावर भोक दिसलं की बुजवायचं. हात आपोआप गेला."

जित्याची खोड, दुसरं काय! पाणी खाचेतून भिंतीत आणि भिंतीतून जमिनीत उतरलं होतं. आता सगळ्या खिडक्या सोडवणं आलं, जमीन उकलून वाळवणं आलं. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. हार्बरफ्रंटच्या, त्याच्या जुन्या जहाज कंपनीच्या ऑफिसमधून होता. एका जहाजाचा चीफ आजारी पडला होता, लगेच निघता येईल का? या फोनवर तो कधी नाही म्हणालाच नव्हता.

"नाही जमणार," मनोहर म्हणाला. "घरात गळती आहे."

फोन ठेवून तो तिच्याकडे न बघताच पुटपुटला, "मग... पुण्याचं तिकीट?"

जयवंतीने वाकून गादीवर तळवा दाबून पाहिला. इकडे दाबला, तिकडे दाबला, अगदी कडेपर्यंत.

"गादी कोरडी आहे," ती म्हणाली. "जमिनीचं मी काही बोलले नव्हते." पिशवीतून क्रोशाची सुई काढून ती त्याच्या शेजारी ओल्यातच बसली आणि पहिलं भोक मोकळं करायला लागली.