कंदीलवाल्याचं इन्स्पेक्शन

“मॅडम, एवढं तपासून रिजेक्ट करून टाका,” असं म्हणत पेंढारकरांनी माझ्या टेबलावर एक व्हिडिओ गेम ठेवला. शेजारी टर्बाइनचं पातं पडलं होतं. त्याचा नंबर नंतर होता.

पेंढारकर आमच्या टाउनशिपच्या ऑफिसर्स क्लबचे सेक्रेटरी. मी कारखान्याच्या क्वालिटी विभागात इन्स्पेक्टर. बाहेरून आलेला माल तपासायचा, त्यावर ‘ओके’ किंवा ‘रिजेक्ट’ लिहून सही ठोकायची. भोपाळला आल्यापासून मी तेच करत होते, पण उड्या मारणारा माल पहिल्यांदाच आला.

“बिघाड काय आहे?”

“तिसऱ्या स्टेजचा पूल कुणालाच पार होत नाही.”

“कुणालाच म्हणजे?”

पेंढारकरांनी आवाज खाली आणला. “सक्सेना साहेबांना.”

सक्सेना साहेब आमचे जनरल मॅनेजर आणि क्लबचे अध्यक्ष. रोज संध्याकाळी क्लबच्या टीव्हीसमोरून मुलांना उठवून ते स्वतः खेळायला बसत आणि पुलावर मरत. महिनाभर मेल्यावर त्यांनी निदान केलं, की कार्ट्रिजच डिफेक्टिव्ह आहे. कार्ट्रिज म्हणजे यंत्रात खोचायची प्लास्टिकची वडी. सगळा खेळ तिच्यातच असतो.

माल डिफेक्टिव्ह ठरला की देणाऱ्याचं नाव मंजूर दुकानदारांच्या यादीतून उडतं. देणारे होते गोविंदपुऱ्याचे रफीकभाई. टाउनशिपच्या शाळेतले, दवाखान्यातले, क्लबातले सगळे टीव्ही तेच दुरुस्त करत, आणि त्यांचं दुकान त्यावरच चालायचं. दुपारी ते धापा टाकत माझ्याकडे आले.

“मैडम, अपन ने चला के दी थी। एकदम सई चल रई थी।”

“पुल पार किया था?”

“पुल तक कौन पहुँचता है मैडम? अपन तो पहली सुरंग में ई मर लिए थे।”

पेंढारकरांचं म्हणणं सरळ होतं. साहेबांनी सांगितलंय, मग तपासायचं कशाला? मी म्हटलं, सही माझी आहे ना! न तपासता मी खिळ्यावरही सही केलेली नाही. दुसऱ्या दिवसापासून रोज पाच ते सात, रजिस्टर घेऊन, मी क्लबात रीतसर खेळायला बसले. बॅडमिंटनला आलेल्या बायका दारातून डोकावून हसून जात.

आमच्या धंद्यात एक शब्द आहे, ‘रिपीटेबल’. तीच कृती केली की दर वेळी तोच परिणाम व्हायला हवा. बिघाड आज इथे, उद्या तिथे होत असेल तर वस्तूवर संशय घ्यायचा. रोज एकाच जागी, एकाच तऱ्हेने होत असेल तर आधी हातावर.

खेळात टोपीवाला एक बुटका माणूस होता, हातात कंदील. मुलं त्याला कंदीलवाला म्हणत. भुयारांतून किल्ल्या गोळा करायच्या, तेल संपण्याआधी बाहेर पडायचं. जीव तीन. ते संपले की पुन्हा पहिल्या भुयारापासून सुरुवात, मग तुम्ही जनरल मॅनेजर का असाना. खेळ अर्धा ठेवून उद्या पुढे नेण्याची सोय नाही. दुसऱ्या स्टेजला तर काही कल्पना नसताना डोक्यावर धोंडा पडतो. तो शुद्ध अन्याय आहे, आणि मी तसं रजिस्टरमध्ये लिहिलंय. मेल्यावर जी आनंदी धून वाजते, तिचाही मला मनापासून राग यायचा.

पण चौथ्या संध्याकाळी माझ्या लक्षात आलं, की धोंडा सोडला तर प्रत्येक मरण माझ्याच चुकीनं येत होतं. मी ग्राफ पेपरवर भुयारांचे नकाशे काढले. एकेक पाऊल मोजलं. खेळ खडूस होता, पण खोटारडा नव्हता. असे माझे दोनच बॉस झाले.

राहिला पूल. मध्यावर पोचलं की वरून गरुड झेपावतो आणि खेळ खलास. मी पळून पाहिलं, चालून पाहिलं, उड्या मारून पाहिलं. रजिस्टरमध्ये एकसष्ट मरणं जमा झाली.

सातव्या दिवशी मी पुलाचा नाद सोडला आणि पहिलीच स्टेज सावकाश पाहत बसले. तिथे एक पतंग कंदिलाभोवती फिरतो. दुसऱ्या स्टेजला वटवाघळं उजेडाकडे येतात. तिसरीला गरुड! खेळ पहिल्यापासून शिकवत होता, आम्हीच पळत सुटलो होतो. कंदील विझवायचं बटण होतं, पण विझवला की स्क्रीन काळी होते, म्हणून कुणी ते दाबतच नव्हतं. मी मात्र पावलं मोजलेली होती.

आठव्या दिवशी मी साहेबांना, पेंढारकरांना आणि रफीकभाईंना बोलावलं. पुलाशी पोचले आणि कंदील विझवला.

“देखा? अब टीवी भी गया,” साहेब म्हणाले.

अंधारात सहा पावलं. एक फळी तुटकी, म्हणून उडी. पुन्हा चार पावलं. कंदील लावला. बुटका पलीकडच्या काठावर उभा होता. रफीकभाईंनी “माशाअल्लाह” म्हणत डोळे पुसले. मला तर नाचावंसं वाटलं.

साहेबांनी माझं रजिस्टर पुढ्यात ओढलं. “रिपोर्ट में क्या लिखेंगी?”

“माल ओके। ऑपरेटर एरर।” म्हणजे यंत्र ठीक, चालवणारा चुकला.

“ऑपरेटर कौन?”

“नाम लिखने का रिवाज नहीं है, सर।”

“पूरी टाउनशिप को मालूम है।” ते थोडे पुढे सरकले. “ऐसा लिखिए, सप्लायर ने मैनुअल नहीं दिया।”

रफीकभाईंचा चेहरा उतरला. “दिया था साब! डिब्बे में ई था।”

आमच्याकडे नियम आहे, मालाबरोबर आलेला प्रत्येक कागद फाइलला लागतो. पेंढारकर खरेदीची फाइल घेऊन आले. मॅन्युअल तिच्यातच होतं, दोन भोकं पाडून टॅगनं बांधलेलं. मजकूर जपानी होता. पण सहाव्या पानावर चित्र होतं: पूल, गरुड आणि विझलेला कंदील घेतलेला बुटका. आणि प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात निळ्या शाईत ‘देखा’ आणि खाली सक्सेना साहेबांची सही.

साहेबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. “साइन तो मेरे ही हैं।”

“जी सर।”

मग ते असे हसले, की बॅडमिंटनवाल्या बायका पुन्हा दारात आल्या. “लिखिए मैडम, ऑपरेटर एरर। बस नाम मत लिखना।”

रफीकभाई यादीत राहिले. मॅन्युअल आधी मिळालं असतं तर मी पाच मिनिटांत पूल पार केला असता आणि नोकरीतल्या सगळ्यात मजेच्या आठ संध्याकाळी गमावल्या असत्या. तरीही तेव्हापासून कोणताही माल हातात घेण्याआधी मी त्याची फाइल वाचते. साहेबांची सही असलेलं पान दोनदा.