दुपारची फेरी

बहरीनमधल्या, मनामातल्या आमच्या लॅबमधले सीनियर नागपूरकडचे. मशीनने मलेरिया नाही म्हटलं की आम्ही ‘खलास’, काम संपलं, म्हणतो. ते स्लाइड पुन्हा बघतात. युगांडाहून आलेला एक ड्रायव्हर तापाने आला, दिवसाही झोपायचा. त्याच्या रक्तात त्यांना वळवळणारा जंतू दिसला. निद्रारोग. तो मेंदूपर्यंत पोचलाय का, हे मणक्यातल्या पाण्यातल्या पेशी मोजून ठरणार होतं. त्यांनी मोजल्या, आकडा हाताने झाकला आणि मला म्हणाले, “भाऊ, आता तुम्ही मोजा.” आकडे जुळले. पेशी वाढलेल्या होत्या; औषध त्यावरूनच ठरलं.

एरवी वॉर्डात न फिरकणारे सीनियर मग रोज भर दुपारी तिथे डोकावू लागले. काल परतले आणि निवांत चहा ओतून घेतला.

“टक्क जागा आहे,” म्हणाले. “मलाच विचारतो, तुमची झोप झाली नाही का?”