उसने हात

दिग्दर्शकाने पियानो शिकवणाऱ्या बाईंना पहिल्यांदा पाहिलं, ते फक्त कोपरापर्यंत. त्यापुढे माणूस आहे की भिंत, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. त्याने त्यांचे हात हातांत घेतले, डोळे मिटले, गहिवरला. बाईंना वाटलं, हा आता हात कापूनच घरी नेतो!

तो पहिल्या स्त्री संगीतकाराच्या आयुष्यावर मालिका काढत होता. नायिका देखणी, पण पियानोवर तिची बोटं माश्या मारल्यासारखी पडायची. म्हणून वाजवणारे हात बाईंचे. सेटवर त्यांचं नावच 'हात' पडलं. "हात जेवले का?" "हातांना खुर्ची द्या रे!"

आज मोठा प्रसंग होता. भरल्या सभागृहात संगीतकार आपली रचना पहिल्यांदा वाजवते. दिग्दर्शकाला हात आणि चेहरा एकाच टेकमध्ये हवे होते. म्हणून नायिकेचे हात पाठीशी बांधले, तिच्या घेरदार झग्याआड बाई गुडघ्यांवर बसल्या आणि बाह्यांतून त्यांचे हात पुढे आले.

"एका दमात जमलं, तर या भागाच्या शेवटी तुमचं नाव टाकतो," दिग्दर्शक म्हणाला. "नाही जमलं, तर नेहमीसारखे हात वेगळे घेऊ. मग नावाचं विसरा."

बाईंचं नाव आजवर एकदाच छापलं गेलं होतं, लग्नपत्रिकेत. तिथेही चुकून धाकट्या बहिणीचं पडलं. ही गोष्ट त्या हसत सांगायच्या. पण सकाळी निघताना नवऱ्याला म्हणाल्या होत्या, "अहो, एकदा तरी आपलं नाव यावं हो."

टेक सुरू झाला. बाईंच्या डोळ्यांसमोर फक्त झग्याची शिवण. बोटं अंदाजाने पट्ट्यांवर धावू लागली. मध्येच नायिकेची पाठ ताठली. तिने श्वास आत ओढला, पुन्हा ओढला.

"मावशी," ती ओठ न हलवता पुटपुटली, "शिंक!"

"गिळ."

"नाही गिळत हो!"

 डावा हात चालू ठेवून बाईंनी उजवा वर नेला. आधी कान सापडला, मग गाल, शेवटी नाक. त्यांनी ते घट्ट दाबलं. नायिकेच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. हात पट्ट्यांवर परतला तो अगदी वेळेवर.

"कट!" दिग्दर्शक स्वतःच रडत होता. "काय अभिनय! 'मी खरंच इथे आहे ना?' म्हणून ती स्वतःचाच चेहरा चाचपते!"

"आणि माझं नाव?" झग्यातून आवाज आला.

"टाकलं!"

बाईंनी सगळ्या नातेवाइकांना फोन केले. बहिणीला सर्वांत आधी.

प्रेक्षक मिळेनात म्हणून मालिका मध्येच बंद झाली. तो भाग दाखवलाच नाही.